मेंदूच्या चित्रांमागील हिशेब

माणसाने पाहिलेले चित्र यंत्राने त्याच्या मेंदूतून वाचून काढले, अशा अर्थाची वृत्ते २००८ सालापासून अधूनमधून जगभरच्या वृत्तपत्रांत झळकत आली आहेत. वृत्तासोबत बहुधा दोन चित्रे शेजारी शेजारी छापलेली असतात : एक माणसाला दाखविलेले, दुसरे यंत्राने ‘ओळखलेले’. दोहोंतील साम्य पाहून सामान्य वाचक थक्क होतो आणि त्या आश्चर्यात भीतीचाही अंश मिसळलेला असतो. उद्या पोलीस चौकीत किंवा नोकरीच्या मुलाखतीत असे यंत्र आपल्यापुढे आणून ठेवले तर आपल्या मनात आपले स्वतःचे असे काही उरेल काय, ही शंका येणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

मेंदूविज्ञान हा प्रस्तुत लेखकाच्या अधिकाराचा विषय नव्हे. परंतु ज्या पद्धतीने ही चित्रे ओळखली जातात ती पद्धत अर्थशास्त्राच्या प्रत्येक शिक्षकाच्या रोजच्या परिचयाची आहे. किंमत बदलली असता मागणी किती बदलेल, उत्पन्न वाढले असता बचत किती वाढेल, याचा अंदाज करण्यासाठी वर्गात जे समाश्रयण, म्हणजेच विद्यार्थ्यांच्या भाषेतले ‘रिग्रेशन’, शिकविले जाते, तेच काहीशा विस्तृत रूपात या प्रयोगांच्या मुळाशी आहे. तेव्हा चमत्काराचा भाग बाजूला ठेवून हिशेबाचा भाग तपासला, तर यांपैकी कोणता दावा विश्वासार्ह आणि कोणता नाही हे ठरविण्याची कसोटी कोणाही सुशिक्षित वाचकाच्या हाती येऊ शकते. ती हाती असणे आवश्यकही आहे. कारण मेंदूच्या चाचणीचा आधार घेऊन माणसाला शिक्षा सुनावण्याचा प्रकार आपल्याच महाराष्ट्रात घडून गेलेला आहे.

यंत्र काय मोजते?

रुग्णालयांतील एमआरआय यंत्राची ओळख आता बहुतेकांना आहे. त्याच यंत्राचा एक विशेष उपयोग म्हणजे मेंदूचा कोणता भाग कोणत्या वेळी अधिक कार्यरत आहे याचा माग काढणे. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन आणि प्राणवायू देऊन रिकामे झालेले हिमोग्लोबिन यांचे चुंबकीय गुणधर्म भिन्न असतात, हे लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ साली दाखवून दिले होते. या भेदाचा उपयोग करून मेंदूची हालचाल टिपता येईल ही कल्पना १९९० मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सेइजी ओगावा यांनी मांडली आणि १९९२ मध्ये माणसांवरील पहिले प्रयोग प्रसिद्ध झाले. मेंदूच्या एखाद्या भागातील मज्जापेशी कामाला लागल्या की तेथे रक्ताचा पुरवठा वाढतो. तो गरजेपेक्षाही थोडा अधिकच होतो, त्यामुळे तेथून यंत्राला मिळणारा संकेत किंचित प्रबळ होतो. याचा अर्थ असा की हे यंत्र विचार मोजत नसून रक्तपुरवठ्यातील फरक मोजते.

हा फरक कितपत सूक्ष्म असतो? संशोधक मेंदूचे दोन-तीन मिलिमीटर लांबीरुंदीचे घनाकार तुकडे कल्पितात. त्यांना व्हॉक्सेल असे नाव आहे. एवढ्याशा तुकड्यात काही लाख मज्जापेशी असतात. एखाद्या चाळीतील सर्व खोल्यांना मिळून एकच वीजमीटर असावा आणि त्यावरून कोणत्या खोलीत कोणी दिवा लावला हे ओळखण्याचा प्रयत्न करावा, तशी येथे संशोधकाची स्थिती असते. त्यात हा मीटर आळशी आहे. चित्र डोळ्यांपुढे आल्यानंतर संकेत कमाल पातळीला पोहोचण्यास पाच-सहा सेकंद लागतात आणि तो ओसरण्यास त्याहून अधिक वेळ जातो. संकेतातील वाढ एक-दोन टक्क्यांच्या घरातील असते. श्वास, हृदयाचे ठोके, मान किंचित हलणे, यंत्राचे स्वतःचे चढउतार या सर्वांचा गोंगाट त्यात मिसळलेला असतो. अशा सामग्रीतून काही निष्कर्ष काढावयाचा तर संख्याशास्त्राला शरण जाण्यावाचून गत्यंतर नाही.

चित्रापासून आकड्यांपर्यंत

या क्षेत्रातील एक मूलगामी प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत झाला. केंड्रिक के, थॉमस नासेलारिस, रायन प्रेंगर आणि जॅक गॅलंट यांनी तो २००८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. दोन व्यक्तींना यंत्रात निजवून अनेक बैठकांमध्ये १७५० छायाचित्रे दाखविण्यात आली. ही करड्या छटांची, झाडे, इमारती, प्राणी, माणसे अशी नित्याच्या जगातील दृश्ये होती. प्रत्येक चित्राच्या वेळी डोक्याच्या मागच्या बाजूस असलेल्या दृष्टिक्षेत्रातील प्रत्येक तुकड्याचा संकेत नोंदविण्यात आला.

आता प्रश्न असा की चित्राचा आकड्यांशी संबंध कसा जोडावयाचा? येथे त्यांना जुन्या शरीरविज्ञानाचा आधार मिळाला. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन व्हीझेल यांनी मांजरांवरील प्रयोगांतून १९५९ पासून दाखविले होते की दृष्टिक्षेत्रातील पेशी संपूर्ण चित्राला प्रतिसाद देत नाहीत. कोणी उभ्या रेषेला, कोणी आडव्या, कोणी तिरप्या कडेला प्रतिसाद देते. तेही ती कडा दृश्याच्या विशिष्ट कोपऱ्यात असेल तरच. या शोधासाठी त्यांना १९८१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. बर्कलीच्या संशोधकांनी प्रत्येक छायाचित्राचे अशा बारीक-जाड, उभ्या-तिरप्या कडांमध्ये विघटन केले. चित्राच्या कोणत्या जागी, कोणत्या दिशेची, किती बारकाव्याची कडा किती प्रमाणात आहे, याची लांबलचक यादी म्हणजे त्या चित्राचे गणिती रूप.

पुढचा भाग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. कुटुंबाच्या खर्चावर उत्पन्न, किंमती, माणसांची संख्या यांचा प्रत्येकी किती प्रभाव पडतो हे आपण गुणांकांच्या रूपाने मांडतो. तसेच एका तुकड्याच्या संकेतावर प्रत्येक प्रकारच्या कडेचा किती प्रभाव पडतो, हे १७५० निरीक्षणांवरून ठरविण्यात आले. प्रत्येक तुकड्यासाठी स्वतंत्र प्रतिमान, आणि असे तुकडे हजारोंनी. एकदा गुणांक हाती आले की पूर्वी कधीही न दाखविलेले चित्र पाहिल्यावर मेंदूचा प्रत्येक तुकडा किती प्रतिसाद देईल याचे भाकीत करता येते.

आणि खरी परीक्षा याच भाकिताची झाली. प्रतिमान बनविताना मुळीच न वापरलेली १२० नवी छायाचित्रे त्याच दोन व्यक्तींना दाखविण्यात आली. संगणकाने १२० पैकी प्रत्येक चित्रासाठी अपेक्षित प्रतिसाद आधीच मांडून ठेवला आणि प्रत्यक्ष प्रतिसाद ज्याच्याशी सर्वाधिक जुळला ते चित्र निवडले. नुसत्या योगायोगाने अचूक निवड होण्याची शक्यता १२० मध्ये एक, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. प्रत्यक्षात एका व्यक्तीच्या बाबतीत ९२ टक्के आणि दुसरीच्या बाबतीत ७२ टक्के चित्रे अचूक ओळखली गेली.

हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु त्याच्या मर्यादा त्याच शोधनिबंधात नमूद आहेत, त्या वृत्तांतून गळून पडतात. पहिली मर्यादा अशी की हे आकडे प्रत्येक चित्र तेरा वेळा दाखवून प्रतिसादांची सरासरी काढल्यानंतरचे आहेत. एकदाच दाखविलेल्या चित्राच्या बाबतीत यशाचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ५१ आणि ३२ टक्के इतके उतरते. दुसरी अशी की संगणकाने चित्र ‘पाहिले’ नाही, दिलेल्या यादीतून निवडले. यादी १००० चित्रांची केली तेव्हा पहिल्या व्यक्तीच्या बाबतीतील ९२ टक्क्यांचे ८२ टक्के झाले. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की गुणांक व्यक्तिगणिक वेगळे असतात. ज्याचा मेंदू वाचावयाचा त्याने आधी आपण होऊन तासन्‌तास यंत्रात स्तब्ध पडून राहिले पाहिजे. अनोळखी माणसाच्या डोक्यात डोकावण्याची सोय या पद्धतीत नाही.

एक भारतीय वारसा

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला १९३६ हे साल केन्सच्या ग्रंथामुळे पाठ असते. पॉलिंगचा हिमोग्लोबिनवरील शोध त्याच वर्षीचा, हे वर आलेच आहे. आणि याच वर्षी कोलकात्याहून प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा व्यापक अंतराच्या संकल्पनेवरील निबंध प्रसिद्ध झाला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे शिल्पकार म्हणून महालनोबिस आपल्याला ठाऊक असतात. परंतु मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास करणारे आजचे संशोधक त्यांचे नाव घेतात ते या अंतरासाठी.

त्याची मूळ कथा नागपूरपर्यंत पोहोचते. १९२० साली नागपुरास भरलेल्या विज्ञान परिषदेत प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनन्डेल यांची व महालनोबिस यांची गाठ पडली. कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण करण्याचे काम ॲनन्डेल यांनी त्यांच्यावर सोपविले. उंची, डोक्याची लांबी, नाकाची रुंदी अशा अनेक मापांवरून दोन जनसमूहांतील अंतर कसे मोजावे? उंच माणसाची बहुतेक मापे मोठीच असणार. अशी परस्परांत गुंतलेली मापे सुटीसुटी धरून बेरीज केली तर एकच फरक पुनःपुन्हा मोजला जातो. महालनोबिसांच्या सूत्राने हा गुंता हिशेबात घेतला. मेंदूचे शेजारशेजारचे तुकडे असेच परस्परांत गुंतलेले असतात. एकातील गोंगाट दुसऱ्यातही झिरपतो. म्हणून दोन चित्रांनी मेंदूत उमटविलेले ठसे परस्परांपासून किती भिन्न आहेत हे ठरविताना आज महालनोबिस अंतराचे सुधारित रूप वापरले जाते. माणसांच्या मापांसाठी घडविलेले हत्यार मेंदूच्या मापांसाठी उपयोगी पडावे, यात संख्याशास्त्राची व्यापकता दिसते.

मृत मासा आणि जिवंत पेशी

परंतु ज्या हत्याराने सत्य हाती लागते त्यानेच भ्रमही निर्माण करता येतो. २००९ मध्ये क्रेग बेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅमन जातीचा एक मृत मासा एमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांच्या सामाजिक प्रसंगांची छायाचित्रे रीतसर ‘दाखविली’ आणि त्या माणसांना काय भावना होत असतील असे विचारले. नंतर प्रचलित पद्धतीने विश्लेषण केले असता मेंदूच्या व परिसरातील ८०६४ तुकड्यांपैकी १६ तुकडे चित्रांना प्रतिसाद देत असल्याचे निष्पन्न झाले. मासा मेलेला होता, एवढीच या निष्कर्षाला अडचण होती.

यातील मर्म शिक्षकांना सहज पटावे. एका नाण्याची दहा वेळा ओली-सुकी केली असता दहाही वेळा छापा पडणे ही हजारांत एखादी घटना आहे. परंतु शाळेतील हजार मुलांनी प्रत्येकी दहा वेळा नाणे उडविले तर त्यांतील एखाद्या मुलाला दहा छापे मिळण्याची शक्यता चांगलीच असते. त्या मुलाला दैवी शक्ती आहे असे कोणी म्हणणार नाही. मेंदूच्या हजारो तुकड्यांची एकाच वेळी परीक्षा घेतली तर त्यांतील काही योगायोगानेच उत्तीर्ण होणार, आणि नकाशावर तेवढेच तांबड्या-पिवळ्या रंगात झळकणार. अनेक तुलना केल्याबद्दल कसोटी कडक करण्याचे नियम संख्याशास्त्रात फार पूर्वीपासून आहेत. ते लावताच माशाच्या मेंदूतील सर्व ‘विचार’ नाहीसे झाले. बेनेट यांचा रोख हा नियम न पाळणाऱ्या संशोधनावर होता. या प्रयोगाला २०१२ मध्ये इग्नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळाले, पण त्याचा धडा विनोदी नाही.

कारण नियम लावणाऱ्यांचीही पुढे कठोर तपासणी झाली. अँडर्स एकलुंड, थॉमस निकल्स आणि हान्स क्नुटसन यांनी २०१६ मध्ये दाखविले की मेंदूच्या नकाशांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या संगणक प्रणालींतील काही पद्धतींमुळे, जेथे चुकीचे निष्कर्ष पाच टक्केच निघावयास हवेत, तेथे विशिष्ट परिस्थितीत ते सत्तर टक्क्यांपर्यंत निघू शकतात. २०२० मध्ये आणखी एक उद्बोधक उपक्रम प्रसिद्ध झाला. १०८ व्यक्तींच्या मेंदूंची एकच सामग्री ७० स्वतंत्र पथकांकडे देऊन तीच नऊ गृहीतके तपासावयास सांगण्यात आले. कोणत्याही दोन पथकांची विश्लेषणाची रीत तंतोतंत सारखी निघाली नाही आणि अनेक गृहीतकांबाबत पथकांचे निष्कर्षही परस्परविरोधी आले. सामग्री एक, प्रश्न एक, उत्तरे निरनिराळी, ही अवस्था केवळ आम्हा अर्थशास्त्रज्ञांपुरती नाही, हे पाहून क्षणभर दिलासा वाटतो. पण तो टिकाऊ नव्हे.

येथे एक आक्षेप येणे संभवते. इतके दोष निघत असतील तर हे सारे शास्त्रच थोतांड का म्हणू नये? हा आक्षेप योग्य नाही. वरील सर्व दोष त्याच क्षेत्रातील संशोधकांनी शोधले, उघडपणे छापले आणि त्यांवर उपायही सुचविले. शिवाय बर्कलीचा प्रयोग आणि मृत माशाचा नकाशा यांत मूलभूत भेद आहे. नकाशा म्हणजे हाती असलेल्या सामग्रीचे वर्णन; बर्कलीच्या प्रयोगात मात्र न पाहिलेल्या चित्रांविषयी भाकीत करून ते पणाला लावण्यात आले. विद्यार्थ्याला सोडविलेलीच उदाहरणे परीक्षेत दिली तर त्याचे गुण त्याच्या पाठांतराचे असतात. नवे उदाहरण सुटले तरच विषय समजला असे आपण म्हणतो. प्रतिमानालाही हाच न्याय लागू आहे.

या न्यायाची आज विशेष गरज आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत फार मोठी सामग्री तयार झाली. तीत आठ व्यक्तींना सुमारे वर्षभराच्या काळात प्रत्येकी नऊ ते दहा हजार निरनिराळी छायाचित्रे दाखविण्यात आली. तिच्या आधारे २०२३ मध्ये ओसाका विद्यापीठातील यू ताकागी व शिंजी निशिमोतो यांनी, शब्दांवरून चित्रे रंगविणारी नवी संगणक प्रणाली जोडून, मेंदूच्या संकेतांवरून चित्रे उभी केली. ती विलक्षण रेखीव आहेत. पण ही प्रणाली कोट्यवधी चित्रे आधीच पाहिलेली असते. मेंदूतून ‘घड्याळ असलेला मनोरा’ एवढाच अस्पष्ट इशारा मिळाला तरी उरलेले तपशील ती आपल्या साठ्यातून भरते. म्हणून २०२४ मध्ये जपानमधीलच दुसऱ्या एका गटाने विचारलेला प्रश्न महत्त्वाचा ठरतो : परीक्षेची चित्रे सरावाच्या चित्रांसारखीच होती काय? तसे साम्य बरेच होते आणि वेगळ्या धाटणीच्या चित्रांवर अशा पद्धतींची कामगिरी खालावते, असे या गटाने दाखविले. चित्राचा रेखीवपणा हा त्याच्या खरेपणाचा पुरावा नव्हे.

न्यायालयाच्या दारात

प्रयोगशाळेत चूक झाली तर दुसरा संशोधक ती सुधारतो. न्यायालयात झालेल्या चुकीची किंमत माणूस मोजतो. २००८ मध्ये पुण्यातील एका खून खटल्यात सत्र न्यायालयाने आरोपींना जन्मठेप सुनावताना मेंदूच्या चाचणीचा निष्कर्ष पुराव्यात धरला. त्याची चर्चा परदेशांतही झाली. ही चाचणी एमआरआयची नव्हती. डोक्याला तारा जोडून विद्युत्-लहरी मोजण्याची होती. आरोपीला घटनेविषयीची विधाने ऐकविली जात आणि त्या वेळच्या लहरींवरून त्याला घटनेचा ‘प्रत्यक्ष अनुभव’ आहे की नाही हे ठरविले जाई. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने अशा चाचण्या अशास्त्रीय असून तपासात त्यांचा पुरावा म्हणून उपयोग करू नये असे मत दिले. पुढे ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की संमतीशिवाय कोणाचीही नार्को, पॉलिग्राफ वा मेंदूची चाचणी घेता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या घटनादत्त हक्कांशी ते विसंगत आहे.

हा निर्णय नागरिकाचे मोठे संरक्षण आहे, परंतु तो संमतीपाशी थांबतो. कोठडीतील माणसाची संमती कितपत मुक्त असते हे सांगावयास नको. आणि संमती खरी असली तरी चाचणी खरी ठरत नाही. म्हणून संमतीचा प्रश्न संपला तेथे हिशेबाचा प्रश्न सुरू झाला पाहिजे. ही पद्धत यापूर्वी न पाहिलेल्या किती माणसांवर तपासली? निर्दोष माणसाला दोषी ठरविण्याचे तिचे प्रमाण किती? एकूण किती तुलना केल्या आणि त्यांतील किती सांगितल्या? दुसऱ्या स्वतंत्र पथकाने तीच सामग्री घेऊन तेच उत्तर काढले काय? या चार प्रश्नांना आकड्यांत उत्तर नसेल तर रंगीत नकाशा कितीही प्रभावी असो, त्याला पुराव्याचे मोल देता कामा नये.

हे प्रश्न विचारण्यासाठी मेंदूविज्ञानाची पदवी लागत नाही. परंतु ज्या संख्याशास्त्राची लागते ते आपण कसे शिकवितो? वाणिज्य व कला शाखांतून मध्य, मध्यक, बहुलक यांची सूत्रे पाठ करून घेतली जातात, सहसंबंधाचा गुणांक दशांश चिन्हानंतर चार अंकांपर्यंत काढला जातो आणि तो गुणांक केव्हा खोटे बोलतो हे सांगण्यापूर्वीच तास संपतो. पुढे याच विद्यार्थ्यांतून वकील, न्यायाधीश, पत्रकार आणि अधिकारी होतात. मेंदूची चित्रे काढणारी यंत्रे उत्तरोत्तर स्वस्त आणि सूक्ष्म होत जाणार हे उघड आहे. ती आपल्या न्यायालयांत आणि कचेऱ्यांत येऊन पोहोचण्यापूर्वी, नमुन्याबाहेरील परीक्षा म्हणजे काय, अनेक तुलनांचा दोष म्हणजे काय, एवढे तरी पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला उदाहरणासह समजावून देणे विद्यापीठांना अशक्य नाही. त्यासाठी नवे यंत्र नको, नवा निधीही नको. हजार मुले आणि एक नाणे पुरे आहे.